आता बाजेवर तुम्ही आहात

पत्र:

"गेली सोळा वर्षं मी आमच्या मंडळीतल्या महिलांची प्रार्थनासभा चालवत होते. कुणाच्या घरी आजारपण आलं, कुणाचा संसार मोडायला आला, की निरोप माझ्याकडे यायचा. सात महिन्यांपूर्वी माझ्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि मी अंथरुणाला खिळले. सभा आता एक तरुण बहीण चालवते. लोक म्हणतात, छान चालवते. ते ऐकलं की माझ्या पोटात कालवतं. परवा ती माझे केस धुऊन द्यायला आली, तर मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. ती थोडा वेळ बसली आणि निघून गेली. मी रोज म्हणते, 'प्रभू, मला नम्र कर, माझा विश्वास वाढव.' पण शब्द ओठांतच विरतात. एखाद्या दिवशी वाटतं, आज जरा नम्र झाले, आणि लगेच त्या नम्रपणाचाच गर्व वाटायला लागतो. मंडळीतले एक वडीलधारे भाऊ म्हणाले, विश्वास पुरेसा असता तर एव्हाना तुम्ही उठून चालू लागला असता. विश्वास नसताना प्रार्थना करणं हे ढोंगच नाही का? आणि देवाकडे मागू तरी कोणत्या तोंडानं? माझ्यासाठी तुम्ही प्रार्थना कराल का?"
– एक बहीण

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही घाईघाईनं लिहून पुढे गेलात, आणि मी तिथेच अडकले. ती केस धुवायला आली आणि तुम्ही झोपेचं सोंग घेतलंत. सोळा वर्षं दुसऱ्यांच्या उशाशी बसलेल्या बाईला आपल्या उशाशी कुणी बसलेलं सोसवेना. तुमचा सगळा प्रश्न मला त्या पाच-दहा मिनिटांत दिसतो, आणि त्याच्याकडे मी येणारच आहे. पण आधी तुमच्या मनात रुतलेलं एक कुसळ काढू दे.

त्या वडीलधाऱ्या भावांनी तुमच्या विश्वासाचं माप काढलं, ते मनातून काढून टाका. अंथरुणावरच्या माणसाला 'तुझा विश्वास कमी पडतोय' असं सांगणं निर्दय आहे, आणि शास्त्राला धरूनही नाही. येशूचा प्रेषित पौल याच्या हातून किती आजारी बरे झाले, हे आपण बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात वाचतो. तोच पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अखेरीस सांगतो, की सोबतचा त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मी मिलेत गावी ठेवून आलो. एवढंच. त्रफिमाच्या विश्वासाबद्दल एक अक्षर नाही. खुद्द तीमथ्याला पोटाचा त्रास होता, वरचेवर दुखणी यायची. पौल त्याला पोटासाठी काय घ्यावं ते सांगतो, बोल लावत नाही. त्याचा आणखी एक सहकारी, एपफ्रदीत, मरणाच्या दारात जाऊन आला. आणि पौलाच्या स्वतःच्या शरीरातला तो काटा! तो निघावा म्हणून त्यानं तीनदा प्रभूची विनवणी केली. काटा राहिला. मिळालं ते उत्तर तुम्हाला पाठ असेल: माझी कृपा तुला पुरे आहे. त्या भावांचं मोजमाप लावायचं, तर पौलही अविश्वासू ठरेल.

ज्याला पौल 'प्रिय वैद्य' म्हणतो तो लूक त्याच्या सोबतीला होता, हेही लक्षात असू द्या. म्हणून एक व्यवहाराची गोष्ट सांगते. प्रार्थना कोरडी पडणं ही प्रत्येक वेळी आत्मिक गोष्ट नसते. मोठं ऑपरेशन, महिनोन्‌महिने पडून राहणं, सततची वेदना, औषधं, अपुरी झोप, यांनी मन विझल्यासारखं होतं. कशातच गोडी वाटत नसेल, उगाच रडू येत असेल, पहाटे जाग येऊन छातीत धडधडत असेल, 'आता जगून काय करायचं' असे विचार डोकावत असतील, तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका, डॉक्टरांना लगेच सांगा. ते सांगायला लाज वाटत असेल, तर ती लाजसुद्धा आपण ज्याबद्दल बोलणार आहोत त्यातलीच आहे.

आता तुमचा प्रश्न. विश्वास नसताना प्रार्थना करणं ढोंग आहे का?

मार्कानं लिहिलेल्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या, नवव्या अध्यायातला तो बाप आठवा. मुलगा लहानपणापासून आजारी, कधी विस्तवात पडतो, कधी पाण्यात. बापानं त्याला आधी शिष्यांकडे नेलं, त्यांना काही जमलं नाही. वर शास्त्री लोकांशी त्यांचा वाद चाललेला. अशा थकलेल्या, गर्दीत लाजिरवाण्या झालेल्या अवस्थेत तो येशूला म्हणतो, तुमच्यानं काही होत असेल तर आमच्यावर दया करा. होत असेल तर! येशू त्याचा तोच शब्द त्याच्यापुढे धरतो. आणि मग त्या बापाच्या तोंडून जे निघतं, त्याहून खरी प्रार्थना मला तरी शुभवर्तमानांत सापडलेली नाही. माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एका श्वासात दोन्ही. येशूनं त्याला घरी पाठवून, आधी विश्वास पक्का करून ये, असं सांगितलं नाही. त्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावर मुलगा बरा झाला.

तुम्ही म्हणता, शब्द ओठांतच विरतात. पण ताई, सात महिने रोज तुम्ही ते शब्द उच्चारता आहात. कुणीच ऐकत नाही अशी तुमची खात्री असती, तर तुम्ही केव्हाच थांबला असता. ढोंगी माणूस प्रार्थना करतो ती आजूबाजूचे बघतील म्हणून. तुमच्या खोलीत कोण बघतंय? आपला विश्वास आटला आहे हे देवालाच सांगणं, तेही त्याच्याकडेच तोंड करून, याला मी विश्वासच म्हणेन, कितीही क्षीण असला तरी.

'माझा विश्वास वाढव' हे वाक्यही बायबलमधलंच आहे, प्रेषितांच्या तोंडचं, लूकच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात. ते कधी निघालं, हे आपण सहसा विसरतो. समोर वादळ नव्हतं, मेलेलं कुणी उठवायचं नव्हतं. येशूनं नुकतंच सांगितलं होतं, की तुझ्या भावानं दिवसातून सात वेळा तुझा अपराध केला आणि सात वेळा येऊन पश्चात्ताप झाला म्हणाला, तर त्याला क्षमा कर. हे ऐकून ते घाबरले आणि म्हणाले, आमचा विश्वास वाढवा. म्हणजे विश्वासाची खरी टंचाई त्यांना जाणवली ती माणसांशी वागताना, तुमच्यासारखीच. प्रभूचं उत्तरही पाहा. मोहरीच्या दाण्याएवढा असला तरी पुरे, म्हणतो. आणि त्याला लागूनच त्या चाकराची गोष्ट सांगतो, जो दिवसभर शेतात राबून येतो आणि घरी आल्यावर पुन्हा धन्याला वाढतो. तुम्हीही सगळं करून झाल्यावर म्हणा, आम्ही निरुपयोगी दास आहोत, आमचं कर्तव्य तेवढं आम्ही केलं. विश्वास मागितला आणि धडा मिळाला लीनतेचा. तुम्ही रोज दोन वेगवेगळ्या गोष्टी मागता आहात असं तुम्हाला वाटतंय. मला त्या दोन वाटत नाहीत. 'माझ्याजवळ नाही, तुझ्याजवळ आहे, दे' हे एकच म्हणणं आहे. त्यातल्या 'माझ्याजवळ नाही' या अर्ध्याला आपण लीनता म्हणतो, उरलेल्या अर्ध्याला विश्वास.

मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूनं 'मोठा विश्वास' म्हणून वाखाणणी केली ती दोनच माणसांची, आणि दोघंही परकी. एक रोमी शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांचा अधिकारी, दुसरी कनानी बाई. आपण माझ्या छपराखाली यावं अशी माझी योग्यता नाही, असं तो म्हणतो. मेजावरून पडलेला चुरा मिळाला तरी चालेल, असं ती म्हणते. कोणत्या तोंडानं मागू, हा प्रश्न त्या दोघांनाही पडला असणार. पण योग्यता नाही म्हणून ती परत फिरली नाहीत. योग्यता नाही हे कबूल करून त्यांनी मागितलं, ठासून मागितलं, बाईनं तर शिष्यांनी हाकलायला सांगितलं तरी पिच्छा सोडला नाही. लीन माणूस दबकत, पुटपुटत बोलतो अशी आपली समजूत असते. तिला या बाईनं चांगलाच धक्का दिला आहे.

तेव्हा मराठीतल्या एका फरकाकडे तुमचं लक्ष वेधते, कारण माझा स्वतःचा त्यात फार दिवस गोंधळ होता. लाचारी वेगळी, न्यूनगंड वेगळा, लीनता वेगळी. लाचार माणूस समोरच्याला मोठं म्हणतो, कारण त्याच्याकडून काही काढायचं असतं. न्यूनगंड असलेला माणूस दिवसभर स्वतःकडेच पाहत असतो, फक्त नाक मुरडून. ज्या ग्रीक शब्दाला आपण 'लीन' म्हणतो, त्याचा त्या जगातला नेहमीचा अर्थ हलका, खालच्या दर्जाचा असा होता. तो भूषण मानण्याची कल्पना तिथल्या भल्याभल्यांना पटली नसती. त्या शब्दाचं मोल बदललं ते येशूमुळे. फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल सांगतो तसं, त्यानं स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं, वधस्तंभावरचं मरण सोसलं. तो स्वतःला कमी लेखत होता म्हणून नाही. तो कोण आहे, कुठून आला, कुठे जाणार, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. योहान आपल्या शुभवर्तमानात हे मुद्दाम नोंदवतो, आणि लगेच पुढच्या ओळीत येशू शिष्यांचे पाय धुवायला उठून कमरेला रुमाल बांधतो. सोळाव्या शतकातली आविलाची संत तेरेसा म्हणायची, की लीनता म्हणजे सत्यात चालणं. त्यामुळे सोळा वर्षं तुम्ही चांगलं काम केलंत, हे नाकारायची गरज नाही. ते खरं आहे. आज तुमच्यानं उठून बसवत नाही, हेही तितकंच खरं आहे.

नम्रतेचाच गर्व वाटतो म्हणता, त्याबद्दल फार लिहीत नाही. झोप लागली का हे बघायला माणूस जागा राहिला तर त्याला झोप कशी लागणार? नम्र झाले का, किती झाले, हे रोज रात्री तपासणं सोडून द्या. लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा माणूस, देवाचे आभार मानूनच सुरुवात करतो, पण त्याची नजर सारखी हिशेबावर आहे. आठवड्यातून दोनदा उपास, मिळकतीचा दशांश, आणि मागे उभा असलेला तो जकातदार, लोक ज्याला पापी समजत. जकातदाराला तर परूशी तिथे आहे हेसुद्धा दिसत नाही. हे देवा, मज पाप्यावर दया कर, एवढं म्हणून तो घरी जातो, आणि नीतिमान ठरून जातो. आपण आता लीन झालो, असं त्याला वाटेत वाटलं की नाही, कुणी सांगितलेलं नाही. गर्व डोकावला की 'प्रभू, हा बघ, परत आला' म्हणा आणि पुढे चला.

आता त्या दुपारकडे येते.

योहानाच्या तेराव्या अध्यायात येशू एकेका शिष्याचे पाय धूत पेत्रापाशी येतो. पेत्र म्हणतो, तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत. ऐकायला किती नम्र वाटतं! आपणही असंच म्हणतो ना, 'अहो, नको, तुम्ही कशाला, माझं मी बघते.' पण येशू त्याला नम्रता म्हणत नाही. मी तुला धुतलं नाही तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही, असं सांगतो. इतकं कडक उत्तर त्या रात्री दुसऱ्या कुणाला पाय धुण्यावरून मिळालेलं नाही. पेत्राला गुरूची सेवा करायची होती, गुरूसाठी जीव द्यायची भाषा तो त्याच रात्री करणार होता. गुरूकडून सेवा करून घेणं मात्र त्याला जड गेलं. मग तो एकदम दुसऱ्या टोकाला जातो: नुसते पाय नकोत, हात आणि डोकंही धुवा!

डोकंही धुवा, ताई. परवा तुमच्याकडे त्यासाठीच कुणीतरी आलं होतं.

हे टोमणा म्हणून लिहीत नाही. देणाऱ्याचा हात वर असतो, घेणाऱ्याचा खाली, आणि ज्याचा हात कायम वर राहिला त्याला तो खाली आणताना खांद्यातून कळ येते. शिवाय धुवायला आलेली बाई म्हणजे नेमकी तुमच्या जागी बसलेली. एखादी अनोळखी नर्स असती तर तुम्ही निमूटपणे मान पुढे केली असती, नाही का? हाच पेत्र पुढे म्हातारपणी मंडळ्यांना लिहितो, की एकमेकांसाठी नम्रतेचा कमरबंद बांधा. मूळ शब्दात चाकरानं कामाला लागताना कमरेला फडकं बांधावं असा भाव आहे, आणि अनेक भाष्यकारांना तिथे तो रुमाल आठवतो. मलाही वाटतं, पेत्र ते लिहिताना त्याच रात्रीकडे पाहत असावा. त्याच्या पुढच्याच वाक्यांकडे नीट बघा. देवाच्या पराक्रमी हाताखाली लीन व्हा, आणि तुमची सगळी चिंता त्याच्यावर टाका, कारण तो तुमची काळजी घेतो. आपण या दोन आज्ञा सुट्या वाचतो. ग्रीकमध्ये ते एकच वाक्य आहे: चिंता त्याच्यावर टाकत लीन व्हा. म्हणजे लीन कसं व्हायचं, याचं पेत्राचं उत्तर आहे, ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर देऊन.

तुमच्या प्रार्थनासभेत मार्काचा दुसरा अध्याय कितीदा वाचला गेला असेल. कफर्णहूमातलं घर, दाराशी मुंगीला शिरायला जागा नाही, चौघांनी छप्पर उघडून पक्षघाती माणसाची बाज खाली सोडली. सोळा वर्षं तुम्ही त्या चौघांपैकी होता. एका कोपऱ्याला तुमचा खांदा असायचा. आता बाजेवर तुम्ही आहात. त्या गोष्टीत बाजेवरचा माणूस अवाक्षर बोलत नाही. त्याचा विश्वास होता की नव्हता, मार्क सांगत नाही. येशूनं पाहिला तो 'त्यांचा' विश्वास, आणि क्षमेचा शब्द मात्र निघाला त्या पडून असलेल्यासाठी. तुम्हाला आज प्रार्थना करवत नसेल, तर तुमच्यासाठी चाललेल्या प्रार्थनेवर पडून राहायला हरकत नाही. आणि त्या चौघांत, तुम्हाला रुचो न रुचो, ती तरुण बहीणही आहे.

आता काय करायचं ते सांगते.

'मला नम्र कर' ही प्रार्थना काही दिवस बाजूला ठेवा. ती फार मोठी आणि धूसर आहे, आणि तिच्यामुळे तुमची नजर पुन्हा स्वतःकडेच वळते. त्याऐवजी त्या त्या दिवसाचं मागा. 'प्रभू, आज ती आली तर मला डोळे उघडे ठेवता येऊ देत.' 'आज पाणी मागताना माझा आवाज कडू होऊ नये.' प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेतही भाकर मागायची ती आजची. आणि त्या प्रार्थनेत 'मी', 'माझं' कुठेच नाही, सगळं 'आम्हाला', 'आमचं'. ती म्हणताना तुम्ही एकट्या नसता. त्या 'आम्ही'मध्ये ती मुलगीही असते.

मत्सर देवाला नाव घेऊन सांगा. 'तिचं कौतुक ऐकलं की मला जळायला होतं, आणि मला ते नको आहे,' असं मराठीत सरळ. स्तोत्रकर्ते याहून कितीतरी तिखट बोलले आहेत. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळही नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. ज्या दिवशी तुमचे शब्द संपतील त्या दिवशी ते उसनं घ्या. जरा बरं वाटेल त्या दिवशी एकशे एकतिसावं घ्या. तीनच ओव्या आहेत, दूध तुटलेलं मूल आईजवळ असतं तसा माझा जीव माझ्या ठायी आहे, असं म्हणणाऱ्या. मला त्यातला 'दूध तुटलेलं' हा शब्द फार जवळचा वाटतो. अंगावर पिणारं मूल आईकडे झेपावतं ते दुधासाठी. दूध तुटलेलं मूल कुशीत येतं तेव्हा तिथे दूध नसतं, आईच असते. प्रार्थनेतला गोडवा, डोळ्यांत येणारं पाणी, उत्तर मिळाल्याची खात्री, हे सगळं तुमचं सध्या तुटलं आहे. मूल रडतं, हट्ट करतं, रात्र रात्र झोपत नाही. तुम्ही आई असाल तर ते दिवस तुम्हाला आठवत असतील. आईनं त्याला टाकलेलं नसतं.

वेदना वाढली की लांब प्रार्थना करू नका. पूर्वेकडच्या मंडळ्यांत शतकानुशतकं चालत आलेली एक छोटी प्रार्थना आहे: प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, माझ्यावर दया कर. अर्धी श्वास घेताना, अर्धी सोडताना. जकातदाराची आणि येशूला हाक मारणाऱ्या आंधळ्या बार्तीमयाची हाकच ती. माझ्या आयुष्यात एक वर्ष असं होतं, की घरातल्या एका मृत्यूनंतर मला उपासनेत उभं राहून गीत गाता येत नसे. ओठ हलायचे, आवाज निघत नसे. बाजूला उभ्या असलेल्या बाई मात्र मोठ्यानं गायच्या, सुरात नाही, पण मोठ्यानं. दर रविवारी मी मुद्दाम त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहायचे आणि त्यांच्या आवाजात माझे न निघणारे शब्द ठेवायचे. त्यांना हे कधी कळलंही नाही. त्या वर्षी माझी प्रार्थना एवढीच होती, आणि ती पोचली नाही असं मी आज म्हणू शकत नाही.

त्या तरुण बहिणीला मत्सराची कबुली देऊ नका. पुष्कळजण तसं सुचवतील. मला ते आत्ता बरोबर वाटत नाही. तुमचं मन हलकं होईल आणि तिच्यावर ओझं पडेल. पुढच्या सभेत ती प्रत्येक शब्द तुम्हाला काय वाटेल या भीतीनं बोलेल. तिला एवढंच कळवा: 'त्या दिवशी मी जागी होते. मला लाज वाटली म्हणून डोळे मिटले. पुन्हा येशील का?' जमलं तर तुम्हीच सांगा, निरोप नका पाठवू. ती केस धूत असताना प्रार्थनेचं काही बोललं नाही तरी चालेल. ती सभेत कोणासाठी प्रार्थना करते आहे, एवढं विचारा, आणि त्यातलं एखादं नाव तुमच्याकडे ठेवून घ्या. तुमची सोळा वर्षांची माहितीही तिच्या कामी येईल. कोण गर्दीत बोलत नाही, कुणाकडे नंतर एकटीनं जावं लागतं, हे तिला अजून कुठे ठाऊक असणार? पण ती विचारील तेव्हाच सांगा.

सभेचं पुढे काय, हाही प्रश्न तुमच्या पत्रात दडलेला दिसला, जरी तुम्ही तो विचारलेला नाही. उठून हिंडू-फिरू लागलात की पाळकांशी मोकळेपणानं बोला. 'मला पुन्हा सेवा करायची इच्छा आहे, कुठे उपयोग होईल?' असं म्हणण्यात गर्व नाही. लीन माणसानं काही इच्छूच नये, असं सांगून लोकांना, आणि विशेषतः बायकांना, गप्प बसवणाऱ्यांचं ऐकू नका. तुम्हाला तीच जागा परत मिळेल असं मात्र मी सांगू शकत नाही. नाही मिळाली तर दुखेल. तेव्हा पुन्हा लिहा.

तुम्ही विचारलंत, माझ्यासाठी प्रार्थना कराल का. पत्र वाचलं त्या रात्रीपासून करते आहे, तुमच्या पाठीसाठी, झोपेसाठी आणि तिनं पुन्हा यावं म्हणून. आता माझीही एक विनंती आहे. माझ्या बहिणीशी गेले चार महिने माझं बोलणं नाही. चूक बरीचशी माझी आहे आणि पहिला फोन मी करायला हवा, हे मला कळतं, पण फोन हातात घेतला की मी काहीतरी दुसरंच काम काढते. दुपारी पडल्या-पडल्या आठवण झाली, तर त्या फोनसाठी प्रभूकडे एक शब्द टाका. विश्वास वाटत नसला तरी टाका.

तुमची,
सदर लिहिणारी बहीण